कंदिलाचा उजेड कंदिलापुरताच

चि. सायली,



स्टॅबिलायझर घेऊ नकोस. तुझा निरोप ऐकला आणि सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं. रात्री दिवे मालवून 'तुंबाड' हा सिनेमा लावला, तर टीव्हीचा पडदा आपोआप मंद होतो, थोड्या वेळानं पुन्हा उजळतो, वाड्यातल्या अंधारात कुणी कंदील घेऊन आलं की कंदिलाबरोबर मागची भिंतही पांढुरकी होते, असं तू म्हणतेस. आणि बघायला आलेला माणूस 'व्होल्टेज खालीवर होतंय' एवढं सांगून गेला.

काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळात त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढं हळूहळू घरोघर टीव्ही आले. तेव्हा संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आकसायचं, त्यामुळं टीव्हीच्या जोडीला स्टॅबिलायझर आलाच. आता तुझ्या टीव्हीच्या पाठीमागचं लेबल वाच. बहुधा १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल. त्या पट्ट्यात लाइन कितीही खालीवर झाली तरी आतला पुरवठा पॅनेलला हवी तेवढीच वीज काढून देतो. शिवाय व्होल्टेजचाच दोष असता तर तो बातम्यांच्या वेळीही दिसला असता. बरोबर कंदील आला की उजेड वाढायचा आणि कंदील गेला की उतरायचा, हे लाइनचं काम नव्हे. व्होल्टेज अचानक उसळण्याची भीती वाटत असेल तर चांगला सर्ज प्रोटेक्टर लाव, तो उपयोगी आहेच. पण या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

टीव्ही ठणठणीत आहे. उजेड तो स्वतःच बदलतोय, कारण कारखान्यातून निघतानाच त्याला तसं शिकवून पाठवलंय. हे शिकवणं एका जागी नसतं, तीन-चार ठिकाणी असतं, आणि प्रत्येक ठिकाणचं बटण वेगळं. म्हणून लोक एक बटण बंद करतात, फरक पडत नाही, आणि 'हा टीव्हीच असा' म्हणून सोडून देतात. तू तसं करू नकोस. उजेड नेमका कशाबरोबर बदलतो ते आधी शांतपणे बघ. खोलीतल्या उजेडाबरोबर? सिनेमातल्या दृश्याबरोबर? की चित्र बराच वेळ स्थिर राहिलं म्हणून? एवढं कळलं की अर्धं काम झालं. आणि काहीही बदलण्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, म्हणजे वाटेल तेव्हा मागं येता येईल.

पहिली तपासणी खोलीच्या उजेडाची. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर, बहुधा कंपनीच्या नावाजवळ, जिथं रिमोटचा इशारा पोचतो त्याच्याच आसपास, उजेड मोजणारा एक बारीक डोळा असतो. दिवसा नुसत्या नजरेला तो दिसत नाही. गडद काचेआड दडलेला असतो. सिनेमातलं एखादं दृश्य थांबवून ठेव, खोली अंधारी कर आणि मोबाइलचा टॉर्च त्या पट्टीवर अगदी जवळून धर. पाच-दहा सेकंद थांब, कारण हा डोळा लगेच हलत नाही, सावकाश हलतो. चित्र उजळलं तर तो जागा आहे. मग टॉर्च विझव आणि अंगठ्यानं तो भाग झाकून बघ. चित्र मंदावेल.

तुमच्या खोलीत हा डोळा जास्तच त्रास देत असणार. खोली लहान आहे, समोरची भिंत पांढरी आहे, आणि खिडकी रस्त्याकडं आहे. रस्त्यावरून गाडी वळली की हेडलाइटचा झोत आत येतो. त्याहून वाईट म्हणजे पडद्याचाच उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत डोळ्यापर्यंत येऊ शकतो. सिनेमात दिवसाचं दृश्य आलं की खोली उजळते, डोळ्याला वाटतं कुणी दिवा लावला, तो पडदा आणखी उजळवतो. रात्रीचं दृश्य आलं की सगळं उलटं. दिग्दर्शकानं रात्र आधीच काळोखी ठेवलेली असते, त्यात टीव्ही आणखी काळोख ओततो.

हे बंद करायचं बटण लोकांना सापडत नाही, कारण ते चित्राच्या यादीत शोधलं जातं आणि पुष्कळदा ते तिथं नसतं. वीजबचतीच्या किंवा जनरलच्या यादीत शोध. सॅमसंगमध्ये त्याला ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन म्हणतात, शेजारीच ब्राइटनेस रिडक्शन असतं, तेही बंद कर. सोनीत लाइट सेन्सर. एलजीत एनर्जी सेव्हिंग, आणि वेगळं एआय ब्राइटनेस. काही टीव्हींत नुसतंच 'इको' लिहिलेलं असतं. मेनूची मांडणी दर वर्षी बदलते, तेव्हा नाव जुळलं नाही तर घाबरू नकोस. उजेड, वीज, सेन्सर, एआय यांपैकी काही दिसलं की उघडून बघ. कुणी सेन्सरवर काळी चिकटपट्टी लावायला सांगेल. ते नको. पट्टी लावली की टीव्हीला वाटतं खोलीत कायम मिट्ट काळोख आहे, आणि तो चित्र कायमचं तळाशी नेऊन ठेवतो.

वीजबचतीच्या मी विरोधात नाही. दुपारी बातम्या लावून आई स्वयंपाकघरात काम करत असते, तेव्हा ती सोय जरूर असावी. पण रात्री आपण सिनेमा बघायला बसतो ते पडद्यावर काय ठेवलंय ते बघायला, आणि तिथं दर पाच मिनिटांनी कुणी हात लावणं मला सहन होत नाही.

आता दुसरं, आणि तुझ्या कंदिलाचं खरं कारण बहुतेक हेच. तुझा टीव्ही एलईडी आहे. म्हणजे मागं दिवे आहेत आणि पुढं द्रवस्फटिकाची चादर, जी तो उजेड अडवते किंवा सोडते. ही चादर उजेड पुरता अडवू शकत नाही. मिट्ट काळं दाखवायचं तरी थोडा उजेड झिरपतो आणि काळं राखाडी दिसतं. हा दोष झाकायला टीव्ही एक युक्ती करतो. चौकटीत सगळं मिळून किती उजेड आहे ते मोजतो, आणि दृश्य काळोखी असेल तर मागचे दिवेच उतरवतो. काळं काळं दिसतं खरं. पण त्याच चौकटीत कंदील आला की सरासरी वाढते, मागचे दिवे चढतात, आणि त्यांच्याबरोबर भिंत, जिना, कोपऱ्यातला काळोख सगळंच वर येतं. कंदील हलला की भिंत श्वास घेतल्यासारखी वरखाली होते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे सबटायटल. काळोख्या दृश्यात पांढऱ्या अक्षरांची ओळ उमटते त्या क्षणी बाकीचं चित्र बघ, अक्षरं बघू नकोस. ओळीबरोबर चित्र उजळलं, ओळ गेल्यावर उतरलं, तर गुन्हेगार हाच. वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांकडंही बघ. त्या राखाडी होऊन पुन्हा काळ्या होत असतील तर शंकाच नको.

इथं दोन बटणं आहेत आणि ती वेगवेगळी समजून घे. एक डायनॅमिक काँट्रास्ट, काही ठिकाणी काँट्रास्ट एन्हान्सर किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह काँट्रास्ट. ते सिनेमासाठी सरळ बंद कर, काही विचार न करता. ते चित्रातले उजळ आणि गडद भाग दर दृश्याला नव्यानं ओढतं, आणि सिनेमा बनवणाऱ्यानं हे ओढणं आधीच करून ठेवलेलं असतं. दुसरं लोकल डिमिंग. त्याच्याबाबत घाई करू नकोस. यात मागचे दिवे गटागटानं चालतात, चाळीतल्या प्रत्येक खोलीचं बटण वेगळं असावं तसे. कंदील असेल तिथलाच गट उजळतो, बाकीचे मंद राहतात. कल्पना चांगली आहे. पण दिवे नुसते कडेला बसवलेले असतील तर गट मोजकेच, आणि एका कंदिलासाठी वरपासून खालपर्यंत अख्खा उभा पट्टा पेटतो. दिवे पूर्ण पाठीवर पसरलेले असतील तर गट पुष्कळ असतात आणि काम बरंच नेटकं होतं. तेव्हा आधी डायनॅमिक काँट्रास्ट बंद करून तोच प्रसंग पुन्हा बघ. तरीही भिंत हलत असेल तर लोकल डिमिंग 'लो'वर आण. तेवढ्यानंही भागलं नाही तर बंद कर. काळं थोडं राखाडी होईल, पण स्थिर राहील. राखाडी पण स्थिर आणि काळं पण हलतं यांत मला निवडायला सांगितलं तर मी स्थिर निवडीन, आणि क्षणभरही विचार करणार नाही.

का, ते सांगतो. माझं आयुष्य थिएटरच्या केबिनमध्ये गेलं हे तुला माहीत आहे, पण तिथं मी काय करत होतो ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये काही मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत डीसी विजेची ज्योत. मागं आरसा. ती ज्योत म्हणजे पडद्यावरचा सगळा उजेड. कांड्या जळत जळत आखूड होतात, फट वाढते, ज्योत लांबते, आणि पडदा पिवळसर, मंद व्हायला लागतो. फट कमी पडली तर ज्योत फडफडते. कांड्या पुढं सरकवायला मोटर असायची, पण मोटरवर विसंबून कुणी केबिन चालवत नसे. दर थोड्या वेळानं काळ्या काचेतून ज्योतीकडं बघायचं, फिरकी हलकेच फिरवायची, मग भोकातून पडद्याकडं बघायचं. एका कोपऱ्यात सावली आली तर आरसा किंचित हलवायचा. दोन प्रोजेक्टर असायचे, एकावरचं रीळ संपत आलं की दुसऱ्याची ज्योत आधी पेटवून तापवून ठेवायची, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका आला की बदल करायचा, आणि दोन्हींचा उजेड असा जुळलेला हवा की खाली बसलेल्या माणसाला रीळ बदललेलं कळता कामा नये. उजेड जरा पडला की खालून शिट्ट्या यायच्या. त्या लोकांना कार्बन, आरसा यांतलं काही माहीत नसे. पण उजेड हलला हे त्यांना कळायचं, आणि ते त्यांना चालायचं नाही. मला त्या शिट्ट्यांचा आदर वाटायचा.

त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एवढाच होता, की कॅमेरामननं ठरवलेला उजेड शेवटच्या रांगेपर्यंत तसाच पोचावा. आणि तो किती कष्टानं ठरवतात! सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी, १९५६ सालची गोष्ट, कॅमेरामन सुब्रत मित्र यांना बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं करायचं होतं. तसल्या अंगणात ऊन थेट येत नाही, वरच्या आभाळाच्या तुकड्यातून मऊ उजेड उतरतो आणि सावल्या जवळजवळ पडत नाहीत. स्टुडिओतले दिवे तर कडक सावल्या पाडणार. म्हणून मित्र यांनी सेटच्या वर कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर मारून तो खाली परतवला. आज सगळं जग असं करतं; तेव्हा फार थोडे लोक करत होते. 'तुंबाड'चंही तेच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, कॅमेरा पंकज कुमार यांचा; सिनेमा हिंदीत असला तरी माती आपल्या कोकणातली. पावसाळी आभाळाचा करडा उजेड आणि घरात कंदिलाचा, चुलीचा उजेड, यांवर तो उभा आहे. त्यात काळोख हे एक पात्र आहे. कंदिलाचा उजेड कंदिलापुरताच राहायला हवा, त्याच्या कडेला जे दिसत नाही त्याचीच तर भीती आहे. टीव्हीनं भिंत उजळवली की ती भीती गेली, आणि तुला वाटणार सिनेमा काही एवढा खास नाही.

तुझ्या काकाकडचा टीव्ही ओएलईडी आहे, तिथली तऱ्हा वेगळी. गेल्या दिवाळीत आपण सगळे त्याच्याकडं 'द डिसायपल' बघायला बसलो होतो. चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा, २०२०चा, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला. मैफिलीचा प्रसंग चालू होता आणि चित्र हळूहळू काळवंडत गेलं. काका म्हणाला, डोळ्यांना भास होतोय. भास नव्हता. ओएलईडीमध्ये मागं दिवे नसतात, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळं म्हणजे बिंदू पूर्ण विझलेला. काळोखासाठी याहून चांगला पडदा घरात मिळत नाही. पण एकाच जागी तेच चित्र फार वेळ उजळत राहिलं तर त्याचा डाग कायमचा राहू शकतो. म्हणून टीव्ही सतत बघत असतो की चित्र हलतंय का. बराच वेळ विशेष काही बदललं नाही तर त्याला वाटतं कुणी पॉझ करून उठून गेलं, आणि तो उजेड उतरवायला लागतो. आता ताम्हाणेचा कॅमेरा आठव. गायक बसलेला, मागं तानपुरे, कॅमेरा जवळजवळ जागचा हलत नाही. त्याच्याच 'कोर्ट' या सिनेमातही तसंच. अशी दृश्यं लांबली की यंत्राची गल्लत होऊ शकते.

खूण अशी: उजेड पडल्यासारखा वाटला की रिमोटवरचं मेनूचं बटण दाब. मेनू येताच चित्र एकदम उजळलं तर हीच गोष्ट. दृश्य बदललं की ते आपोआपही परत येतं. हे घरच्या मेनूतून बंद करता येत नाही. सर्व्हिसवाल्यांच्या गुप्त मेनूत जाऊन बंद करतात असं काका सांगत होता, त्यासाठी वेगळा रिमोट मागवायचंही त्याच्या मनात होतं. त्याला माझ्या वतीनं सांग, नको. ती सोय पडद्याच्या जिवासाठी आहे, तिथं हात घातला तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल आणि पुढं पडद्यावर डाग राहिला तर भरपाई कुणी देणार नाही. त्याऐवजी पिक्सेलचा उजेड थोडा खाली ठेवून बघावा. रात्री काळोखात तो तेवढाच पुरतो. आणि तरीही क्वचित एखाद्या दृश्यात उजेड उतरलाच, तर तो सहन करावा. बर्फाचं किंवा पांढऱ्या आभाळाचं दृश्य आलं की ओएलईडी जरा मंद वाटतो तेही असंच. संपूर्ण पडदा एकदम पूर्ण ताकदीनं उजळवायला जेवढी वीज लागते तेवढी तो घेत नाही. ते बंद करायला बटण नाही आणि असावं असंही मला वाटत नाही.

आता एचडीआर, म्हणजे उजेड-काळोखाचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र, त्याबद्दल थोडक्यात. सिनेमा सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजन अशी पाटी येते ना, त्या वेळी टीव्ही वेगळ्याच सेटिंगवर गेलेला असतो. पुष्कळ टीव्ही साध्या चित्राचं, एचडीआरचं आणि डॉल्बी व्हिजनचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात, आणि प्रत्येक एचडीएमआय खाचेचंही वेगळं. म्हणून तू बातम्या लावून सगळं नीट केलंस आणि सिनेमा लावल्यावर दुखणं तसंच राहिलं, तर गोंधळू नकोस. सिनेमा चालू असतानाच, ती पाटी आल्यानंतर, मेनू उघडून पुन्हा तपास. तिथं डायनॅमिक टोन मॅपिंग नावाचं बटण असेल. सिनेमा १००० किंवा ४००० निट (निट हे उजेडाचं माप) उजेडाच्या पडद्यावर तयार केलेला असतो आणि आपला टीव्ही तेवढा उजळू शकत नाही, तेव्हा उजेड कुठं कापायचा ते ठरवावं लागतं. हे बटण चालू असेल तर टीव्ही दर दृश्याला नवा निर्णय घेतो. बंद कर, म्हणजे एकदा ठरवून तो तेच पाळेल. डॉल्बी व्हिजन आयक्यू मात्र वेगळं, २०२०मध्ये आलेलं. ते खोलीतला उजेड बघून काळोखातले बारकावे वर आणतं. दिवसा पडदे उघडे ठेवून बघायचं असेल तर ठीक आहे. रात्री नको.

हे सगळं वाचून डोकं भणाणलं असेल, तर एक जवळची वाट आहे. चित्राच्या प्रकारांत 'फिल्ममेकर मोड' आहे का बघ. यूएचडी अलायन्स या संघटनेनं तो ऑगस्ट २०१९मध्ये जाहीर केला, आणि त्यामागं मार्टिन स्कॉर्सेसी, क्रिस्टोफर नोलन अशी मंडळी उभी राहिली. आपल्या कामावर टीव्ही परस्पर हात फिरवतात याचा त्यांना राग होता. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१८मध्ये, टॉम क्रूझनं दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारीला शेजारी उभं करून एक व्हिडिओ काढला होता, की घरी सिनेमा बघताना टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. ते उजेडाचं प्रकरण नाही, हालचालीचं आहे, सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो तो त्यामुळं. पण तेही बंद करच. फिल्ममेकर मोड लावला की बरीचशी लुडबुड एका फटक्यात थांबते. तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवड. 'व्हिव्हिड' दुकानासाठी असतो, दुकानातल्या शंभर ट्यूबलाइटांखाली शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावं म्हणून. घरी त्याचं काही काम नाही. मात्र मोड निवडल्यावरही टॉर्चची आणि सबटायटलची तपासणी पुन्हा कर. काही टीव्हींत मोड बदलला तरी वीजबचतीचं बटण आपल्या जागी चालूच राहतं.

पहिल्या रात्री तुला चित्र मंद आणि जरा पिवळट वाटेल. घाईनं परत बदलू नकोस. थिएटरच्या पडद्याचा प्रमाण उजेड किती असतो माहीत आहे? ४८ निट. साधा, एचडीआर नसलेला सिनेमा घरासाठी तयार करतात तो १०० निटच्या पडद्यावर. आपले टीव्ही याच्या कितीतरी पट उजळू शकतात आणि आपल्याला तीच सवय झालेली असते. काळोखात डोळे कमी उजेडाला सरावतात. दहा-पंधरा मिनिटं दे त्यांना.

अर्थात खोली त्या चित्राला साजेशी हवी. एप्रिल २०१९मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एक भाग आला, रात्रभर चालणाऱ्या लढाईचा, आणि जगभरातून ओरड झाली की काही दिसतच नाही. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं, आम्ही जे चित्रित केलं ते दिसण्याजोगंच आहे, लोकांचे टीव्ही नीट लावलेले नाहीत. मला विचारशील तर दोन्हीकडं तथ्य होतं. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून लहान केलेलं असतं आणि त्यात काळोखाचे बारकावे सगळ्यात आधी मरतात. पण ट्यूबलाइट पेटती ठेवून रात्रीची लढाई बघायची आणि दिसत नाही म्हणायचं, हेही बरोबर नाही. तू ट्यूबलाइट बंदच ठेवतेस, ते चांगलं. फक्त पूर्ण काळोखात मोठा पडदा डोळ्यांना टोचतो, आणि उजेडातला प्रत्येक फरक दुप्पट जाणवतो. म्हणून टीव्हीच्या पाठीमागं, भिंतीकडं तोंड करून, एक छोटा दिवा लाव. दिवा थेट डोळ्यांना दिसता कामा नये, नुसती भिंत मंद उजळावी. त्याचा रंग पडद्याच्या पांढऱ्याशी जुळायला हवा, म्हणजे ६५०० केल्विन. महागडं काही आणू नकोस. आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत 'कूल डेलाइट' म्हणून मिळणारे साधे एलईडी दिवे त्याच रंगाचे असतात. कमी वॅटचा घे. पिवळा वॉर्म व्हाइट नको, तो मागं लावला की पडद्यावरचं पांढरं निळसर भासतं.

आणखी एक, घरातल्या शांततेसाठी. सगळा टीव्ही सिनेमासारखा करून ठेवलास तर दुसऱ्या दिवशी दुपारी आईला मालिका दिसणार नाही आणि ती सगळं पुन्हा 'व्हिव्हिड'वर नेईल. तेव्हा सिनेमाचं सेटिंग एका मोडमध्ये बसव, दिवसाचं 'स्टँडर्ड'मध्ये राहू दे, आणि एकातून दुसऱ्यात कसं जायचं ते आईला रिमोट तिच्या हातात देऊन दाखव. वीजबचतीचं बटण मात्र काही टीव्हींत दोन्ही मोडना एकच असतं. तसं असेल तर ते बंदच ठेव आणि 'स्टँडर्ड'चा उजेड हातानं बेतानं लाव, म्हणजे बिलाचीही काळजी नको.

आधी टॉर्च, मग सबटायटल, या क्रमानं जा, आणि एका वेळी एकच बटण बदल. दोन एकदम बदललीस तर कशानं काय झालं ते कळणार नाही. 'तुंबाड'मधला कंदिलाचा तोच प्रसंग दर वेळी लाव, दुसरा नको. या रविवारी करून बघ आणि टीव्हीचं मॉडेल काय आहे ते लेबलवरून उतरवून पाठव. लोकल डिमिंग किती गटांचं आहे त्यावरून ते 'लो'वर ठेवायचं की बंद करायचं ते मी फोनवर सांगेन. आईला नमस्कार सांग.

तुझे,
आबा